मखराची झालर

"ताई, तू सर्कशीतली आहेस का?"

रोहा स्टेशनच्या बाकावर बसलेल्या अनोळखी मुलीला मृणालीने एका दमात विचारून टाकलं. मैत्रिणींची अटच तशी होती. हे विचारलंस, तरच दहावीच्या निरोप समारंभाला सगळ्यांसारखी काळी साडी नेसण्यातून तुझी सुटका. त्या मुलीच्या केसांत तीसेक रंगीत क्लिपा होत्या आणि गुलाबी फ्रॉकला झालरीवर झालर.

"नाय गो. ही जपानची फॅशन. तिकडच्या काही मुली रस्त्यावर अशाच फिरतात. डेकोरा म्हणतात."

शेजारच्या म्हातारीने आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"डेकोरेशन? गणपतीचा?"

"डेकोरा, आजी."

"नवस हाय काय कसला?"

"नाय."

"मग कुणी नादी लावलाय तुला? कुणाची गो तू?"

"निडीच्या जनू टेलरची."

"बापाला म्हाईत हाय हा अवतार?"

"त्यांनीच शिवलाय. मखराची झालर उरली होती."

म्हातारीने फ्रॉकची कड उलटी करून टाके निरखले.

"टाका तर जनूचाच हाय. पण डोकं ठिकाणावर हाय ना त्याचं?"

"आईपण हेच विचारते."

पेणला घरी पोचल्यावर मृणालीने चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं, "आई, बाबा, माळ्यावरची मखराची झालर खाली काढा. निरोप समारंभाला मी तिचाच फ्रॉक घालणार. शिवतील निडीचे जनूकाका. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, मी बघून आलेय."