स्वागताच्या चिठ्ठ्या

शिरूरला पालिकेच्या मंगल कार्यालयाचं बुकिंग करायला हर्षदा रांगेत उभी होती. रांगेच्या बाजूला कार्यालयाचे वॉचमन मारुतमामा आणि लग्नांत माइकवर पाहुण्यांचं स्वागत करणारा गोकुळ बोलत होते.

“मामा, मी आता तिथं माइक धरायचो न्हाई.”

“असं करू नको बाबा. कार्यालयातलं कोविड सेंटर उठून वरीस झालं, तरी लोक बिचकत्यात. हा सीझन भाडं आलं न्हाई तर पालिका गोडाऊन करंल त्याचं.”

“त्या चिठ्ठ्यांचं काय मग?”

“कसल्या?”

“पाहुण्यांची नावं चिठ्ठीवर येत्यात, मी वाचत जातो. ‘केंदूरचे दगडूआप्पा, आपलं सहर्ष स्वागत!’ म्हणलं आन् अख्खा हॉल गप झाला. आप्पा तर तिथंच गेले होते, आठ नंबरच्या बेडवर.”

“कुणीतरी वात्रटपणा केला असंल.”

“पुढच्या लग्नात नऊ नंबरची नकुशीमावशी. परवा दहा नंबर. तिन्ही चिठ्ठ्यांवर अक्षर एकच, मामा.”

“चिठ्ठी देतं कोण?”

“त्येच तर! दुसऱ्या चिठ्ठ्यांसंगं हातात असती. देणारा कवाच दिसला न्हाई.”

“आता बोलू नको. लोक ऐकत्यात.”

“पुढच्या लग्नाला अकरा नंबर यायचा. मी न्हाई वाचणार.”

खिडकीतून क्लार्कनं हाक मारली, “ताई, कुठली तारीख टाकू?”

“सगळ्यांत आधीची जी मोकळी असंल ती.”

मग हर्षदा गोकुळकडं वळली. “दादा, माइकवर तुम्हीच पाहिजे. अकरा नंबरला आमचे वडील होते.”