बारा जॅकेटं

— झाली ना बारा? मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं साहेब, बाराच आहेत. दहा पॅसेंजरांची आणि दोन खलाशांची, परवान्यावर लिहिलंय तशी. लिहा तुम्ही बारा. — नको हो, कॉलर कशाला उलटताय? आत काय असणार, मीठ आणि घाम! राहू द्या, हां, तशीच. आग विझवायचा सिलिंडर बघितलात, नांगर बघितलात, दोरखंड, औषधांची पेटी — पेटीत पट्ट्या, कापूस, कात्री, सगळं नवीन. ते सगळं रश्मीने लावलंय. रश्मी म्हणजे माझी सून, मघाशी फाईल घेऊन उभी होती ती. चाय आणायला वर गेली आहे, येईल आता.

सर्वे झाल्याचा दाखला आजच मिळेल ना पण? नाही, घाई अशी नाही — घाई आहे. खोटं कशाला बोलू, घाई आहे. तिचा भाऊ उद्या येतोय मसुऱ्याहून, दीपेश, तिला न्यायला. वर्ष झालं, आता तिथे बसून काय करणार, असं त्याचं म्हणणं — आणि चुकीचं नाही हो त्याचं, माझी मुलगी असती तर मी पण हेच म्हटलं असतं. पण ही म्हणाली, होडीचा दाखला झाला तर मी राहते, सीझन चालवते. नाही झाला तर जाते. तिचं तिनेच ठरवलंय. होडी निलेशच्या नावावर होती, ती आपल्या नावावर करायला ऑफिसात सतरा खेपा घातल्या तिने. निलेश म्हणजे माझो झील — माझा मुलगा हो. तुमच्यासमोर आम्ही तुमच्यासारखं बोलतो, पण त्याचं नाव आलं की जीभ आपली घरी जाते.

ती गेली तर घरात मी आणि यशोदा. यशोदा, माझी बायको, वर्षभर ह्या वाळूवर उतरली नाही. जेवण करते, देवाकडे दिवा लावते आणि समुद्राकडची खिडकी लावून बसते. रश्मी आहे म्हणून घरात कोणीतरी बोलतं तरी. भांडतेसुद्धा! कोणाशी? फोटोशी. सकाळी फूल घालताना त्याला ओरडते — "एक जॅकेट घातलं असतंस तर तुजा काय गेला असता रे?" रोज. एक दिवस चुकवत नाही. आणि मी तिथेच बाजूला चाय पीत बसलेला असतो. ऐकत.

तुम्ही नवीन आलात, तुम्हाला माहीत नसेल. — आहे? जुने कागद वाचलात? मग त्यात लिहिलंय तेच. गेल्या ऑक्टोबरात. सात पॅसेंजर, घाटावरचे, त्यात सहा वर्षांची एक मुलगी. जायचं किती, तर खाडी समुद्राला मिळते तिथपर्यंत, डॉल्फिन दाखवून परत. तिथे लाट आडवी लागली आणि होडी पालथी झाली. सातही माणसं तरंगली, सातांच्याही अंगात जॅकेट, एकाला खरचटलंसुद्धा नाही. त्या मुलीची चप्पल पण पायातच होती म्हणतात. आणि निलेशच्या डोक्याला इंजिन लागलं. दुसऱ्या दिवशी मिळाला, निवतीच्या बाजूला. अहो, पोहायला तो असा होता की — पण बेशुद्ध माणसाला पोहता येतं काय, साहेब? तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा. जॅकेट असतं तर नुसता पडून राहिला असता पाण्यावर, कोणीतरी उचलला असता. कागदात काय लिहिलंय? होडीत पुरेशी जॅकेटं असूनही चालकाने वापरलं नाही, चालकाचा निष्काळजीपणा. पुरेशी! ते त्यांना कोणी सांगितलं? मीच. हवालदाराने विचारलं, जॅकेटं किती होती, मी म्हटलं बारा. — काही नाही. असंच. चाय कशी आली नाही अजून?

ती निळी होडी ना, ती बाबलीची. परवा तुम्हीच तिचा सर्वे केलात. लहानपणापासूनचा दोस्त माझा, निलेशला मारुतीच्या देवळामागे सायकल शिकवली ती त्यानेच. आज बाहेर पडणार नाही म्हणाला होता सकाळी. पण माणसं चढवतोय वाटतं. ती आरामबस थांबलीय ना वर, तिच्यातली असणार, कोण सोडतो? नाही, मी सहज बघतोय. तुम्ही लिहा.

आमच्यात एक पद्धत आहे साहेब, तुम्ही रागावू नका. गणपतीला आपण शेजारून पाट आणतो, समई आणतो, मोठं पातेलं आणतो, आणतो की नाही? तसंच हे. सर्वेच्या दिवशी कोणाला काय कमी पडलं तर द्यायचं. नांगर द्या, सिलिंडर द्या, जॅकेटं द्या. तासाभराचं काम, संध्याकाळी घरपोच. त्यात चोरी आहे असं कोणाच्या मनातच येत नाही. नाही म्हणालात तर उद्या होडी वाळूवर ओढायला कोण येणार नाही तुमच्याकडे. निलेश गेला त्या दिवशी बाबलीचा सर्वे होता. त्याच्याकडे सातच. सकाळी येऊन म्हणाला, "गुरुदास, पाच जॅकेटां दी रे, सांजेक हाडून देतंय." दिली मी. आणि अकरा वाजता हे सात पॅसेंजर आले. निलेशने जॅकेटांची पेटी उघडली — "बाबा, सातच आसत! माका खंय?" मी काय म्हटलं माहीत आहे? हसलो मी. हसलो साहेब, तांडेल ना मी, होडी चालवणारा. म्हटलं, "तुका कित्याक होई रे? तांडेलाचो झील मा तू? पॅसेंजरासारखो भियतंस?" चार माणसं उभी होती, ती पण हसली. तो पण हसला, जरासा लाजून. आणि गेला.

दुपारी बाबलीचा सर्वे झाला, त्याने पाचही आणून दिली, सुकी, घडी घालून. तोवर इथे वाळूवर सात ओली पडलेली. सात आणि पाच किती? हवालदाराला मी खोटं कुठे सांगितलं, मोजायला गेलात तर बाराच भरत होती! सात म्हटलं असतं तर बाबलीचा दाखला गेला असता, आमचा परवाना गेला असता, आणि सगळ्या बंदराला कळलं असतं, ह्याने आपल्या झिलाला काय म्हटलं ते. म्हणून निष्काळजी कोण ठरला? जो उठून बोलू शकत नाही तो. ओली सातही पोलिसांनी नेली, ती परत आली नाहीत. आमच्याकडे उरली पाच. कुठली पाच? त्या दिवशी होडीत नव्हती ती.

हो, उलटा आता कॉलर. मी अडवत नाही. पाचांवर आमच्या होडीचं नाव आहे आणि सातांवर बाबलीच्या; त्या दिवसानंतर त्याने आपली बारा पुरी केली. रश्मीने नवीन सात मागवलीत, पार्सल कसालपर्यंत आलंय, उद्या हातात पडेल, पण तुमची तारीख आजची आणि पुढची महिन्याने. सकाळी रश्मीच ही सात बाबलीकडून घेऊन आली. किती दिवसांनी हसताना बघितली तिला. म्हणते, "बाबा, सांजेक परत दिली की झाला." तेच शब्द, साहेब! आणि मी काय केलं? तिच्या हातातून घेतली आणि पेटीत रचून ठेवली. मी. ह्या हातांनी.

आणि तो बघा — सात, आठ, नऊ. नऊ माणसं चढवली त्याने आणि होडीत जॅकेटं पाच! बाबली! अरे ए बाबली! थांब! नांगर काढू नको रे मेल्या! — वारा उलटा आहे, त्याला ऐकू जात नाही. शिट्टी, त्या पेटीत शिट्टी आसा, द्या माका ती — नाहीतर राहू दे, रश्मी! गो रश्मी, ही सात घे आणि धाव —

रश्मी.

कवापासून उभी आसंस तू हय? — ता चायचा ताट खाली ठेव गो, हात भाजतलो तुझो. ऐकलंस मा तू सगळा? बरा. फाल्यां सकाळी फोटोक काय एक बोलू नको. तेची चूक नाय. तेना मागल्यान होता. माझ्याकडे जॅकेट मागल्यान होता. — हां, घे, सातय घे, पाण्यातसून जा, तेच्या आडवी जा, जा!

गेली.

खोडा ते बारा, साहेब. पाच लिहा. आणि त्या जुन्या कागदात लिहायला कुठे जागा असेल तर तिथे सात लिहा, मी सही करतो, आत्ता करतो. दाखला राहिला तर राहू द्या. चाय घेताय? नको ना? मग जावा तुम्ही. समोरून सरका जरा, मला बघू द्या ती पोचते की नाही.