तुफान आणि आमटीचा डाव

(चंदिगढ, सेक्टर ४९. एका सोसायटीमागची हिरवळ, सकाळचे साडेआठ. देवदत्तच्या हातात लष्करातून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरचा, तुफानचा पट्टा, त्याची बायको आश्लेषा हिच्या हातात आमटीचा डाव.)

देवदत्त : डाव जरा मागे घे. त्याला दिसतोय.

आश्लेषा : दिसणारच ना! पाऊण तासापासून त्याच्या पोटाखाली धरून बसली आहे मी. त्याच्या जागी मी असती तर मलाही झाली नसती.

देवदत्त : डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. भांडं स्वच्छ हवं आणि लघवीचा नमुना मधल्या धारेचा हवा.

आश्लेषा : धार कुठे आहे, देव? परवापासून थेंब थेंब चालू आहे. वाकतो, कण्हतो, दोन गुलाबी थेंब टाकतो, अन् गर्रकन मागे वळून पाहतो. काल रात्रीपासून तर तेही बंद.

देवदत्त : सोनोग्राफीत खडा नाही. वाट मोकळी आहे. संसर्ग आहे, त्याला औषध आहे. फक्त त्याने केली पाहिजे.

आश्लेषा : अन् नाही केली तर?

देवदत्त : अकरा वाजता नळी घालून काढणार.

आश्लेषा : म्हणजे भूल. दहा वर्षांचं कुत्रं, अन् त्याचं हृदय वाढलंय. भूल झेपेल का ते सांगता येत नाही म्हणाले ना डॉक्टर? मला भीती वाटते रे. सहा दिवस झाले त्याला आणून, अजून धड ओळख नाही झाली आमची.

देवदत्त : म्हणून तर मी पद्धतशीर चाललोय. हे बघ, लष्कराने दिलेला कागद. अठ्ठावीस आज्ञा. बैस, थांब, रांग, शोध, भुंकू नको. सगळं आहे, फक्त हीच एक नाही. इतक्या मोठ्या फौजेत ह्याची तरतूद नसेल, हे मला पटत नाही.

आश्लेषा : तू सगळ्या म्हणून पाहिल्या ना?

देवदत्त : सावधान म्हटलं, विश्राम म्हटलं. विश्रामला झोपला.

आश्लेषा : शेजारच्या भुल्लर आंटी म्हणतात, लहान बाळाला करतात तसं शूऽऽ करा.

देवदत्त : केलं. दहा मिनिटं केलं. शेजारून भुल्लर अंकल फिरत होते, ते पळत घरी गेले. मलाही तेव्हापासून लागली आहे. ह्याच्यावर परिणाम शून्य.

आश्लेषा : अन् तू पाय वर करून दाखवला, तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आलाय. खाली विचारलंय, योगा क्लास कितने बजे?

देवदत्त : ते सोड. बघ, बघ, बसतोय! डाव सरकव!

आश्लेषा : करायला नाही बसला. नुसता बसला आहे. डावाकडे पाहतो आहे.

देवदत्त : अरे देवा. स्फोटकं सापडली की असं बसायचं, हे शिक्षण आहे त्याचं.

आश्लेषा : माझ्या आमटीत काय बॉम्ब असतो काय, बाप्पा?

देवदत्त : परवाची तुझी तिखटजाळ सावजी आमटी आठव. मी कुत्र्याच्या बाजूने आहे.

आश्लेषा : बस झालं. मी त्याच्या हँडलरला फोन लावते. लसीच्या पुस्तिकेमागे पेन्सिलीनं लिहिलंय, गजानन, अन् नंबर.

देवदत्त : नको गं. सात वर्षं सांभाळलं त्या माणसाने. सहा दिवसांत फोन गेला तर म्हणेल, ह्यांना कुत्रं सांभाळता येत नाही.

आश्लेषा : येतच नाही आपल्याला! धर डाव. हॅलो? गजाननभाऊ बोलतात का? थांबा, स्पीकरवर टाकते.

गजानन : व्हय, गजाननच. कोण म्हनायचं?

आश्लेषा : मी चंदिगढहून आश्लेषा बोलते. तुफान आमच्याकडे आहे. हॅलो? भाऊ? ऐकू येतंय का?

गजानन : जित्ता हाय न्हवं?

आश्लेषा : हो हो, जिवंत आहे! समोरच बसला आहे.

गजानन : मंग बोला ताई. फलटणच्या बाजारात हुबा हाय, पर बोला तुमी.

देवदत्त : नमस्कार, मी देवदत्त. त्याला लघवी होत नाहीये. त्यासाठीची आज्ञा कोणती, एवढंच हवं होतं.

गजानन : आज्ञा? त्याला कसली आज्ञा? लाल हुतीया का?

देवदत्त : गुलाबी.

गजानन : मंग औशिद लागंल. त्यात माजं काय चालनार न्हाई, डाक्टरला दाखवाच. पर आडलीया का त्यानं धरून ठिवलीया?

देवदत्त : डॉक्टरांच्या मते वाट मोकळी आहे. म्हणजे धरूनच ठेवली असावी.

गजानन : पयल्या दिवसापास्नं?

आश्लेषा : नाही ना! पहिले तीन दिवस अगदी छान केली. सोसायटीच्या गेटपाशी.

गजानन : गेटवर कोन आस्तंय?

आश्लेषा : नरेंद्रजी. वॉचमन आहेत आमचे.

गजानन : बसत्यात का हुबं ऱ्हात्यात?

आश्लेषा : उभे. दिवसभर रस्त्याकडे तोंड करून. पण ते परवा गावाला गेले, तर आता...

गजानन : हात्तिच्या! मंग बराबर हाय की. पहाराच उठला तुमचा.

देवदत्त : पहारा?

गजानन : सायेब, आत्ता तुमी कुनाकडं बघताय?

देवदत्त : तुफानकडे.

गजानन : आन् ताई?

आश्लेषा : तुफानकडेच.

गजानन : दोघंबी? आरारारा!

देवदत्त : पण बघायला नको का? डाव योग्य वेळी—

गजानन : ऐका. वर डोंगरात आमी दोघंच पुढं आसायचो. मोकळं व्हायला बसला का मान्साचं ध्यान जातं, तवाच गोळी यिती. म्हनून एकानं बसायचं, दुसऱ्यानं त्येच्याकडं पाठ करून भाइर बघायचं. आदी मी, मंग त्यो. सात वर्सं त्यानं माजी पाठ राखली आन् मी त्याची. तुमी दोघं त्याच्या त्वांडाकडं बघत बसलाय. तिकडनं कोन आलं तर?

देवदत्त : तिकडून कोण येणार? तिकडे दुधाचा बूथ आहे.

गजानन : ते तुमाला म्हाईत, सायेब.

आश्लेषा : म्हणून तो वळून मागे पाहतो रे! कोणी उभं आहे का ते पाहतो. अन् आपण त्याच्यासमोर शूऽऽ करत बसलो.

गजानन : पाठ करा त्येच्याकडं. पाय फाकवून हुबं ऱ्हावा, आन् खरंच बघा. नुस्तं सोंग केलं तर कळतं त्याला. मंग म्हना, मी हाय.

देवदत्त : आणि डाव कोण धरणार?

गजानन : पाठीमागं हात करून धरायचा. त्यात काय?

देवदत्त : आश्लेषा, डाव घे. तू बूथकडे बघ, मी पार्किंगकडे बघतो. तुफान, मी आहे.

आश्लेषा : मी पण आहे रे, बाळा.

गजानन : गप ऱ्हावा आता. काय दिसतंय?

देवदत्त : एक स्कूटर, डावीकडे वळली. गॅलरीत एक माणूस दात घासतोय. भुल्लर आंटी उजवीकडून येतायत, हातात जवाच्या पाण्याचा तांब्या.

गजानन : थोपवा!

देवदत्त : आंटी जी, वहीं रुकिए! प्लीज! हाँ, पक्का, बाद में पिलाएँगे जौ का पानी!

आश्लेषा : देव.

देवदत्त : वळू नकोस!

आश्लेषा : वळत नाही. डाव जड व्हायला लागला.

देवदत्त : मधली धार घे!

आश्लेषा : मला पाठीला डोळे आहेत काय? भरला. डाव भरला रे! हातावरून चाललं आहे अन् थांबतच नाही. करतो आहे, भाऊ, करतो आहे!

गजानन : ताई, फोन जरा खाली धरता का? त्याच्याजवळ. ...हां. हां, माज्या राजा. सावकाश. ...बास. झालं. आता पानी पाजा आन् डाक्टरकडं न्या.

आश्लेषा : मी बाटलीत ओतते. अकराच्या आत नमुना पोचतो अन् नळीही टळली असेल. भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू मी? रडू येऊन राहिलं मला.

देवदत्त : गजाननराव, हा आता उठलाय आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिलाय. रस्त्याकडे बघतोय. बोलावलं तरी हलत नाही. काही बिघडलं का?

गजानन : बिघडलं न्हाई. आता तुमची पाळी म्हनतोय त्यो.

आश्लेषा : जा, देव. तुला कधीपासून लागली आहे.

देवदत्त : इथे? भुल्लर आंटींसमोर? मी घरी जाईन. गजाननराव? आहात ना?

गजानन : हाय. अजून हुबा हाय का त्यो?

देवदत्त : एकदम ताठ.

गजानन : सायेब, एक बोलू का? ताई हायेत, पर आता लाज कशाची. रिटायर हून घरी आलो, वरीस झालं. मलाबी हुईना. दोन डाक्टर झालं. सगळ्या तपासन्या साफ. बायकू म्हनती, दार लावून एवडा येळ काय करता? हुबा ऱ्हातो आन् सारकं मागं बघतो. चार भिंती आन् एक बादली. कुनाला सांगायचं, सांगा? आज तुमी इचारलं तवा माजंच मला कळलं.

देवदत्त : आत्ता कुठे आहात?

गजानन : बाजारातच. हितं सार्वजनिक मुतारी हाय एक, समूरच.

देवदत्त : मग फोन खिशात ठेवा. चालू ठेवा. तुफान रस्त्याकडे बघतोय, आश्लेषा बूथकडे.

गजानन : लोकं काय म्हनत्याल, सायेब...

देवदत्त : जा तुम्ही, गजाननराव. मी हाय.