कोऱ्या पेपराचा निकाल

तुम्ही चहा घ्या, पण त्या कॉम्प्युटर कॉलेजचा विषय निघाला की माझं डोकं आजही तापतं.

शहात्तर सालची गोष्ट. माझी पुतणी सुनंदा टेलिफोन ऑपरेटरची पक्की नोकरी सोडून प्रोग्रॅमिंग शिकायला निघाली होती. म्हणाली, ‘‘काका, आधी परीक्षा असते. ज्याला जमेल त्यालाच घेतात.’’

मी भाईंदरचा मिठाचा व्यापारी, गोणीत हात घातल्याशिवाय माल उचलत नाही. मीही परीक्षेला बसलो. नाव लिहून कोरा पेपर दिला. ती दोन तास मान मोडून लिहीत होती.

आठवड्याने दोघांनाही शब्दन् शब्द सारखं पत्र आलं: ‘आपणांस या विषयाची उत्तम जाण आहे. त्वरित प्रवेश घ्यावा.’

तिला घेऊन कॉलेजात गेलो आणि तिथल्या साहेबापुढे दोन्ही पत्रं आपटली. ‘‘मी तर एक अक्षर लिहिलं नव्हतं.’’

तो म्हणतो कसा, ‘‘शेठ, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला पेपराची काय गरज?’’

त्याला चार शब्द सुनावून जिना उतरलो. सुनंदाला म्हटलं, ‘‘वाचलीस बघ.’’

‘‘वाचले, काका. पण मी सगळी उत्तरं लिहिली होती. मला हे जमतं की नाही, ते कोण सांगणार?’’

तसाच परत वर गेलो. ‘‘हिचा पेपर दाखवा.’’

‘‘ते सगळे रद्दीत गेले, शेठ.’’