जिन्यातला सेंट

नवरा गेल्यावर त्याचा सेंट विकत घ्यायला आलेली बाई दुकानात माझ्यापुढेच उभी होती. सोबत नणंद.

"हाच, वहिनी. संत्र्याची साल आणि मिरी. दादाचाच."

"नाही गं. कागदावर नुसतं संत्रं येतंय."

"तो होता तेव्हा तर नाक मुरडायचीस!"

"कामावरून घमघमत यायचे. मला वाटायचं, कुठल्या भवानीकडून येतायत. वर्षभर मी पाठ फिरवून झोपले."

"अगं, चामड्याच्या कारखान्याचा वास तुला सोसत नाही, म्हणून जिन्यात थांबून फवारायचा तो!"

"मला कधी बोलले नाहीत."

"तू विचारलंस?"

दुकानदार म्हणाला, "ताई, मनगटावर मारून बघा."

"मनगटावर नको. या चामड्याच्या पर्सवर मारा."