सत्कारमूर्ती चिखलात

रामप्रसाद : मॅडम, मी हात जोडतो. तुम्ही फक्त स्टेजवर बसा. खुर्ची आहे, शाल आहे, नारळ आहे. अजून काय पाहिजे माणसाला?

सुमेधा : नंबर. सगळ्यांच्या छातीवर लावून राह्यलात ना, तो.

रामप्रसाद : तो स्पर्धकांसाठी आहे.

सुमेधा : सर, बॅनर तुम्हीच लिहिलंय. 'सर्वांची चिखलदौड. सर्व वयांचे, सर्व क्षमतांचे.' एकाच शाळेत शिकवतो आपण. तुम्ही खेळ, मी गणित. सर्वांमधून मी वजा कशी झाले, ते तेवढं फळ्यावर मांडून दाखवा.

रामप्रसाद : वजा कुठं? तुमचा तर सत्कार आहे! प्रमुख पाहुणे अण्णासाहेबांच्या हस्ते. शर्यत संपली की लगेच.

कांताबाई : घे ना गं शाल. सर, मी आई हाय म्हणून सांगून राह्यले, हिच्या पायापायी वर्षाला एक तरी सत्कार ठरलेला. त्या शाली जोडून म्या वाकळ शिवली. दुसरी चालू हाय, ती एका शालीसाठी अडली.

सुमेधा : माय, तू नेमकी कोणाच्या बाजूनं आहेस?

कांताबाई : मी वाकळीच्या बाजूनं. पण सर, एक सांगा. पावसाळ्यात ह्या वाटूरला चिखलच चिखल व्हता. फुकटचा. तवा कामून न्हाई घेतली शर्यत? आता थंडीत दात वाजून राह्यले अन् तुमी टँकरनं पाणी आणून चिखल करून राह्यले.

रामप्रसाद : मावशी, मंजुरी आता आली. कागदावर चिखल आहे, तर मैदानावर चिखल पाहिजे. बिलकुल पाहिजे. मॅडम, तुम्ही समजदार आहात. पडलात, लागलं, तर लोक मला धरतील.

सुमेधा : सर, आपण ह्याच शाळेत शिकलो. खेळाचा दिवस आला की मला लिंबाखाली बसवायचे आणि सगळ्यांच्या चपला माझ्याभोवती. तुमच्याही. तुम्ही पहिले यायचात आणि हात पुढं करायचात, 'सुमे, माझी चप्पल दे.'

रामप्रसाद : मला नाही आठवत.

सुमेधा : तुम्हाला कशाला आठवेल? चपला सापडायच्या ना. आता लिंबाच्या जागी स्टेज आणि चपलांच्या जागी शाल, एवढाच फरक. मला एकदा चिखलानं भरून घरी जायचंय. बाकी काही नको.

रामप्रसाद : पण जाल कशा? आधी सायकल, मग चिखल, मग फितीपर्यंत पळायचं.

सुमेधा : सायकलीच्या जागी माझी तीनचाकी. चिखलात बसून जाईन, हातांवर सरकत. उभंच राहायचं असं नियमात लिहिलंय का?

रामप्रसाद : नियम मीच लिहिले. तसं काही... सुचलं नाही लिहायचं.

सुमेधा : बरं झालं. पुढं पळायला मला हे पायाला बांधायचं लोखंडी कॅलिपर लागेल. चिखलात नेलं तर त्याचे सांधे गंजतात. म्हणून ते आणि ही कुबडी घेऊन तुम्ही पलीकडच्या काठाला उभे राहा.

रामप्रसाद : मी? माझ्याकडं माइक आहे, पाहुणे येऊन राह्यलेत, फोटोवाला...

सुमेधा : एक हात रिकामा आहे ना? नीट सांभाळा, सर. हरवू नका.

(शिट्टी होते. बऱ्याच वेळाने चिखलाच्या पलीकडच्या काठावर रामप्रसाद आणि कांताबाई.)

कांताबाई : दिसती का?

रामप्रसाद : ती काय, मधोमध. बाकी सगळे कधीच पोचले, मावशी. आजोबा पोचले, पहिलीतली पोरं पोचली. शर्यत संपली म्हणून मी माइकवर सांगूनही टाकलं. चिखलात आता मॅडम एकट्या.

कांताबाई : एकटी कशी? तुमचा बूट हाय की सोबतीला. आत कामून शिरलते?

रामप्रसाद : फोटोवाला म्हणाला, सर, दोन पावलं पुढं. आपली काळी माती, मावशी. पाय वर आला, बूट ठेवून घेतला.

कांताबाई : मंग टेका त्या कुबडीवर. एक पाय वर धरून शोभून राह्यले बराबर.

रामप्रसाद : पांढरा मोजा आहे, चिखलात कसा टेकवू?

कांताबाई : अगं माय, थांबली ती! सुमे! ऊठ! न्हाई, उठू नको! सरक! सरक बाई माझी!

रामप्रसाद : थांबल्या नाहीत, काहीतरी उपसून राह्यल्या. मावशी, तुमची बाजू बदलली वाटतं?

कांताबाई : वाकळीला काय घाई हाय?

अण्णासाहेब : कुठं आहेत सत्कारमूर्ती? मला मंठ्याला लग्न गाठायचंय. अरे, हे काय, इथंच उभे आहेत की!

रामप्रसाद : नमस्कार साहेब. साहेब, मी...

अण्णासाहेब : राहू द्या, हात जोडू नका, तोल जाईल. बघा हो, हातात कॅलिपर, काखेत कुबडी, आणि माणूस चिखलाच्या काठापर्यंत आला! आमचे दोन्ही पाय धड, तरी आम्ही गाडीतून उतरत नाही.

रामप्रसाद : साहेब, हे कॅलिपर मॅडमचं...

अण्णासाहेब : आणि ह्या आई का?

कांताबाई : आई मीच, साहेब.

अण्णासाहेब : वा! घरच्यांची साथ पाहिजे. आण रे शाल. नारळ कुठं देऊ? काखेत धरता का? फोटो घे. तो पाय येऊ दे फोटोत, वर धरलेला.

रामप्रसाद : साहेब, माझं ऐका तर...

अण्णासाहेब : काही बोलू नका. तुमचे डोळेच सगळं सांगून राह्यले. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. चला, निघतो, अक्षदा चुकतील.

कांताबाई : गेले. शाल मऊ दिसती, सर.

रामप्रसाद : मावशी, तुम्ही तरी सांगायचं ना!

कांताबाई : मला 'आई का' म्हणून विचारलं, म्या हो म्हनलं. खोटं कुठं बोलले?

रामप्रसाद : मी सांगतोय, सांगतोय, पण ऐकूनच घेईना माणूस! माझ्याकडं बघून काय ते ठरवूनच आल्ता.

सुमेधा : सवय होते, सर.

कांताबाई : आली! अगं सुमे, नाका-कानात चिखल! ओळखू येईना लेकरू. कसं वाटून राह्यलं?

सुमेधा : गार. लई गार. माय, मी हसून राह्यले का रडून, मलाच कळेना. सर, हा धरा.

रामप्रसाद : काय आहे?

सुमेधा : तुमचा बूट. मधी रुतला होता. सांभाळून आणला.

रामप्रसाद : ...सुमे.

सुमेधा : कॅलिपर द्या.

रामप्रसाद : थांब, पाय पुसू आधी. ही घे शाल.

कांताबाई : शालीनं? अहो, माझी वाकळ!

रामप्रसाद : धुऊन देईन, मावशी. पट्टा कोणता आधी लावू?

सुमेधा : खालचा. ओढा घट्ट, पळायचंय मला.

रामप्रसाद : फीत गुंडाळून ठेवली गं. शर्यत संपली म्हणून मघाशीच जाहीर केलंय.

सुमेधा : माइक कोणाच्या हातात आहे?

रामप्रसाद : हॅलो... हॅलो. फीत परत धरा रे. शर्यत चालू आहे.