हक्कसोडीची साडी

नाही हो मॅडम, चुकून नाही कापत — साडीच आहे, कोरी आहे, दिसतंय मला. तुमचा फॉल लावते ना, बसा त्या स्टुलावर, पंखा तिकडेच लागतो. ही माझी स्वतःची आहे. नेसले? एकदाही नाही. भावांनी दिलेली, हक्कसोडीची. तुमच्यात नसतं का? आमच्या सोनिवलीला असतं — बापाची जमीन बिल्डरला द्यायची तर बहिणीची सही लागते, म्हणून तिला ऑफिसात न्यायचं, सही घ्यायची आणि खाली रसाच्या गाडीपाशी उभं करून साडी, नारळ, ओटी. झालं, बहीण मोकळी. मोकळी म्हणजे काय, हात हलवत परत इथे कॅम्प दोनला, या मशीनवर.

मी नाहीच म्हणणार होते. पण रिक्षात आई शेजारी बसलेली — पुतळाबाई आमची, अख्ख्या आळीला धाक होता तिचा — ती हळूच म्हणाली, "भावांचं होऊ दे गो, तुजं माह्यार ऱ्हाईल." केली सही. राहिलं का माहेर? राहिलं ना, तीन मजली, लिफ्टवालं.

आता आईला लकवा मारलाय, एक बाजू गेली, सगळं अंथरुणात. दोघा भावांपैकी अनंताच्या बायकोला वास सहन होत नाही, राजूच्या बायकोची कंबर धरते — म्हणून वांगणीच्या पुढे एक जागा बघितलीय, अशा म्हाताऱ्यांना सांभाळतात तिकडे. ठेवा की, कोण नको म्हणतंय? तर अनंता इथे आला, माझ्याकडचा चहा प्यायला आणि म्हणतो, खर्चाचे तीन वाटे करू, कायद्याने लेकसुद्धा बरोबरीची असते. बरोबरीची! सहीच्या दिवशी हा कायदा कुठे चरायला गेला होता, मॅडम? माझं डोकंच सटकलं. म्हटलं, दमडी देणार नाही. मग तेही हट्टाला पेटले — ताई देत नाही तोवर आम्हीपण भरत नाही. आणि आई? आई खाली पार्किंगमधल्या खोलीत, वॉचमनसाठी बांधलेल्या. वर लिफ्ट जाते हो, पण फरशी खराब होते ना.

हे? हे गाऊन शिवतेय तिचे. तिकडे लुगडं चालत नाही म्हणे, मागून उघडणारे गाऊन लागतात. वहिनी म्हणाली, तुमचं मशीनच आहे, तुम्ही शिवा. कापड कोण देणार? कोणी नाही. मग कपाटातून हीच काढली — म्हटलं घ्या, तुमचं तुम्हाला परत. काठ तेवढे कापून काढले, जरतार टोचते. आतून माझ्या जुन्या सुती साडीचं अस्तर, पाठीला जखमा झाल्यात तिच्या, हात लावू देत नाही.

मला कसं माहीत म्हणजे? गेले होते रविवारी. पुसलं मीच, दुसरं कोण पुसतंय. बोलता येत नाही तिला धड, पण चांगल्या हाताने माझा पदर धरला आणि एवढं मात्र स्वच्छ बोलली — "मना तुज्याकडं नेतंस?"

जागा आहे हो माझ्याकडे. या पडद्यामागे खाट आहे, नवरा गेल्यापासून रिकामीच. पण तोंडातून काय गेलं माहितीये — म्हटलं, आई, मी तर हक्क सोडलाय. तूच सांगितलंस ना, रिक्षात. आईला, मॅडम. पडून असलेल्या आईला.

तिने पदर सोडला, एकेक बोट करून. भाऊ म्हणतात तिला काही कळत नाही. सगळं कळतं तिला.

अशा बघू नका माझ्याकडे. बोलून गेले, विसरा. तो पडदा राहू द्या — खाटच आहे, सांगितलं ना. चादर धुळीने माखली होती म्हणून बदलली. मेणकापड? असंच आणलंय, समोरच्या सिंधी शेठकडून, असावं घरात. तुमची साडी आज नाही व्हायची. उद्या नको, परवा या. उद्या दुकान बंद आहे.